गुडघ्यांची झीज आणि खासगी आरोग्यविमा : कोकणातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी विमा एजंट नाही. आईच्या दोन गुडघ्यांपायी तीन-चार वर्षं या कागदांत गेली. मग वाडीतले लोक विचारायला लागले, आणि हळूहळू त्यांचे मुंबई-ठाण्यातले मुलगेही. शिमग्याला आणि गणपतीत फोन जास्त येतात, कारण तेव्हा चाकरमानी घरी येतो आणि आई पाखाडीच्या पायऱ्या कठड्याला धरून, एकेक पाय टाकत उतरताना त्याला दिसते. त्या फोनांतले नेहमीचे प्रश्न खाली आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एक्स-रेत गुडघ्यांची झीज आली आहे. आता आरोग्यविमा मिळेल का?

बहुतेक वेळा मिळतो. गुडघ्यांची झीज, कागदावर 'ऑस्टिओआर्थ्रायटिस', हा कंपन्यांना घाबरवणारा आजार नाही. खर्च मोठा आहे, पण तो कधी आणि किती येईल याचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे कंपनी सहसा थेट नकार देत नाही, थांबायला लावते. पॉलिसी आज मिळते, गुडघ्यांचं संरक्षण दोन-तीन वर्षांनी सुरू होतं (प्रश्न ३). डेंगी, लेप्टो, न्यूमोनिया असल्या बाकीच्या आजारांचं संरक्षण गुडघ्यांमुळे अडत नाही. ते पहिल्या ३० दिवसांनंतर सुरू होतं, आणि अपघाताला ते ३० दिवसही नाहीत.

पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळत नाही, असं अजून अनेकजण सांगतात. विमा नियामकाने (आयआरडीएआय) एप्रिल २०२४ पासून ती वयाची अट काढून टाकली आहे. मात्र एखादा अर्ज तपासून नाकारायचा अधिकार कंपनीकडे आहेच. सत्तरी, मधुमेह, जास्त वजन आणि वर गुडघे, असं सगळं एकत्र आलं की नकार येऊ शकतो. तो एका कंपनीचा नकार असतो, म्हणून दुसरीकडे विचारून बघा.

२. आई कधी डॉक्टरकडे गेलीच नाही, तेल चोळते आणि मेडिकलमधून गोळी आणते. मग हा 'पूर्वीपासूनचा आजार' कसा?

नियमातली व्याख्या छोटी आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने ज्याचं निदान केलं, किंवा ज्यावर सल्ला अथवा उपचार सुचवले वा दिले, तो पूर्वीपासूनचा आजार. नुसतं तेल आणि मेडिकलवाल्याने दिलेली गोळी या व्याख्येत बसत नाही.

गोची शिबिरांची आहे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात मोफत तपासणी झाली, डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन शब्द खरडून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तर तो सल्ला झाला. ती चिठ्ठी तुमच्या फडताळात असेलच. नसली तरी शिबिराची नोंद कुठेतरी राहते.

दुसरी बाजूही बघा. अर्जात निदानाबरोबर 'सांधेदुखी आहे का, नियमित औषध चालू आहे का' असंही विचारलेलं असतं. व्याख्येत बसत नाही म्हणून या ओळीवर 'नाही' लिहिता येत नाही. विचारलं तेवढं खरं लिहायचं. 'पाच वर्षं अधूनमधून दुखतात, तपासलेले नाहीत' हेही उत्तर चालतं.

३. मग गुडघेबदलासाठी नेमकी किती वर्षं थांबायचं?

इथे दोन घड्याळं एकदम चालतात, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

पहिलं घड्याळ पूर्वीपासूनच्या आजाराचं. ते कंपनीगणिक वेगळं असतं, पण आता ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. तुमच्या जुन्या पॉलिसीच्या कागदावर चार वर्षं छापलेली असतील, तर नूतनीकरणाच्या वेळी सुधारित अट लेखी मागून घ्या.

दुसरं घड्याळ ठरावीक आजारांच्या यादीचं. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांच्याबरोबर सांधेबदल आणि वयोमानाने होणारी सांध्यांची झीज त्या यादीत असते. ही यादी सर्वांना लागू आहे, पॉलिसी घेताना गुडघे ठणठणीत असले तरी. बऱ्याच पॉलिसींत ही मुदत २४ महिन्यांची असते, काहींत ३६.

दोन्ही लागू असतील तर जी लांब ती धरायची. समजा पॉलिसी १० जून २०२५ ला सुरू झाली, यादीची मुदत २४ महिने आणि पूर्वीपासूनच्या आजाराची ३६. आईची झीज आधीच निदान झालेली असेल, तर शस्त्रक्रिया १० जून २०२८ नंतर. बाबांचे गुडघे पॉलिसीनंतर पहिल्यांदाच दुखायला लागले असतील, तर त्यांना १० जून २०२७ नंतर.

एजंट इथे हटकून एक जोड (मूळ पॉलिसीवर घ्यायची जादा सोय) विकतो, 'जादा हप्ता भरा आणि प्रतीक्षा एका वर्षावर आणा'. ही जोड पुष्कळदा फक्त पहिल्या घड्याळाची मुदत कमी करते. दुसरं तसंच चालू राहतं, आणि गुडघेबदल दुसऱ्यातही आहे. पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा : 'या जोडीनंतर सांधेबदलाची प्रतीक्षा किती महिने?' तोंडी उत्तराला काही किंमत नाही.

४. अर्जात गुडघ्यांचं लिहिलंच नाही तर? पाच वर्षांनी कोणी विचारत नाही म्हणतात.

हे अर्धवट ऐकलेलं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण जाणूनबुजून लपवलं हे कंपनीने दाखवलं, तर तीच फसवणूक. आणि त्या पाच वर्षांत शस्त्रक्रियेची वेळ आली तर दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मग हार्ट अॅटॅक आला तरी हातात काही नाही.

हिशेबाने बघितलं तरी पटत नाही. खरं लिहिलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायचं, लपवलं तर पाच वर्षं जीव मुठीत धरून. ही चोरी तोट्याचीच.

आणि ते पकडतात कसं, हेही सांगतो. रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर 'किती दिवसांपासून त्रास?' विचारतात. आपली माणसं सवयीने 'लय वर्सां झाली' म्हणतात, आणि ते केसपेपरवर 'दहा वर्षांपासून' असं उतरतं. दाव्याबरोबर कंपनी तोच केसपेपर मागवते. तेव्हा दाखल होतानाही तारखा नीट आठवून, खऱ्या त्या सांगा. अंदाजाने वाढवून नको, घाबरून कमी करूनही नको.

५. अर्ज मुलगा ऑनलाइन भरतो. काय काय सांभाळायचं?

आईचे कागद आधी एका पिशवीत गोळा करा : एक्स-रे, रिपोर्ट, चिठ्ठ्या. एक्स-रेच्या अहवालात 'ग्रेड २', 'ग्रेड ३' असं लिहिलेलं असतं. ही झिजेची पायरी ४ पर्यंत जाते. ती अर्जात तशीच उतरवा. चौथ्या ग्रेडला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर तेही लिहा.

मग फोन येतो. कंपनीची माणसं अर्जातली माहिती पडताळायला थेट आईला फोन करतात, बहुधा हिंदीत, आणि तो रेकॉर्ड होतो. मुलाने अर्जात झीज लिहिली आणि आईने लाजून 'माका काय नाय' सांगितलं, किंवा उलट मुलाने काहीच लिहिलं नाही आणि आई मोकळेपणाने सगळं बोलली, तर दोन्हीकडे विसंगती. आईला आधी अर्ज वाचून दाखवा. मराठीत बोलायचं आहे असं सांगायला संकोच नको. आमच्याकडे फोन करणाऱ्या बाईंनी खरंच मराठी बोलणारी मुलगी जोडून दिली होती.

पॉलिसी हातात आल्यावर तिला जोडलेली अर्जाची प्रत उघडून आपलं उत्तर तिथे जसंच्या तसं आहे का ते बघा. एजंटने घाईत सगळीकडे 'नाही'वर टिक केलेलं मी दोनदा पाहिलंय. ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते.

६. कंपनीने हप्ता वाढवून सांगितला, किंवा गुडघे कायमचे वगळू म्हणते. चालतं का?

जोखीम बघून हप्त्यावर वाढ सांगता येते. ती मान्य नसेल तर घेऊ नका. एकदा पॉलिसी सुरू झाल्यावर मात्र तुम्ही दावा केला म्हणून फक्त तुमचा हप्ता वाढवता येत नाही आणि नूतनीकरणही नाकारता येत नाही. ज्येष्ठांसाठी जानेवारी २०२५ पासून आणखी एक लगाम आहे : नियामकाशी आधी चर्चा न करता कंपनीला वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही.

कायम वगळण्याबद्दल : २०१९ मध्ये नियामकाने ज्या आजारांना कायम वगळता येतं त्यांची यादी घालून दिली. त्यात गुडघ्यांची साधी झीज नाही. पण 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' आहे, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरणं. रिपोर्टात हे शब्द असतील तर गोष्ट वेगळी, आणि नसताना कंपनीने दोन्ही एकाच पारड्यात टाकले असतील तर लेखी हरकत घ्या.

७. पॉलिसी गावच्या पत्त्यावर घ्यावी की मुंबईतल्या मुलाच्या?

आई जिथे राहते तो पत्ता खरा. पण काही कंपन्या शहरांचे विभाग पाडतात. गावचा पत्ता दिला की हप्ता स्वस्त, मात्र मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक वाटा तुमच्यावर. कोकणातली मोठी शस्त्रक्रिया पुष्कळदा मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यात होते, म्हणून हे कलम आपल्यासाठी बारीक अक्षरातलं नाही, मुख्य आहे. विभागाची अट नसलेली, किंवा थोडा जास्त हप्ता देऊन वरचा विभाग घेता येणारी पॉलिसी बघा.

८. विम्याची रक्कम किती घ्यावी?

ज्या रुग्णालयात जाणार तिथून एका गुडघ्याचं आणि दोन्हींचं असं अंदाजपत्रक आधीच मागवा. त्यात तीन वर्षांची महागाई धरा. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याला जीएसटीशिवाय ५४,७२० रुपये होती. पुढे आकडे बदलत आले. बिलात सांधा वेगळा दाखवलाय का ते तपासा.

पण रक्कम पुरेशी असूनही बिल कापलं जातं ते खोलीभाड्यामुळे. हे मी स्वतः भोगलंय. आमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० होती. आईला शेजारी कोणी खोकणारं नको म्हणून आम्ही ८,००० ची खोली घेतली. मला वाटलं, वरचे चार हजार रोज आपण भरू. झालं असं, की खोली दुप्पट म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळंच निम्मं धरलं. या खर्चांचे १,२०,००० झाले होते, मिळाले ६०,०००. औषधं, सांधा आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, एवढाच दिलासा. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी महाग पडते, तरी गुडघ्यांसाठी घ्यायची असेल तर मी तीच सांगतो.

'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी समजायला सोपी आहे. पण तिच्यात खोलीला दिवसाला विम्याच्या रकमेच्या २ टक्के, कमाल ५,००० रुपये, आणि प्रत्येक दाव्यात ५ टक्के आपल्या खिशातून, असं आहे.

रोबोटने केलेली शस्त्रक्रिया वगळता येत नाही, मात्र तिच्यावर वेगळी रक्कममर्यादा असू शकते. रुग्णालय रोबोट सुचवेल तेव्हा ही ओळ शोधा.

९. कणकवली, चिपळूण, रत्नागिरीत कॅशलेस होतं का?

कॅशलेस म्हणजे रुग्णालयाचं बिल कंपनीने परस्पर भरणं. होतं, पण कुठल्या कंपनीचं कुठे हे दर काही महिन्यांनी बदलतं. पॉलिसी घेताना कंपनीची रुग्णालयांची यादी तुमच्या तालुक्यासाठी गाळून बघा. मग त्या रुग्णालयाच्या विमा खिडकीवर फोन करून विचारा, 'अजून आहे का?' यादीत नाव आहे आणि खिडकीवर 'आम्ही सोडलं' असं उत्तर, हे नेहमीचंच.

जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावं लागतं आणि रुग्णालय तयार हवं. कागद मिळाल्यावर कंपनीने एका तासात मंजुरीचा निर्णय आणि रुग्णाला घरी सोडताना तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते.

दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात रुग्णालय मानलं जायला साधारण १० खाटांची अट असते, मोठ्या शहरात १५. गावातलं सात खाटांचं नर्सिंग होम कितीही चांगलं असलं, तरी तिथलं बिल अडकू शकतं.

१०. गुडघ्यात घ्यायचं इंजेक्शन, फिजिओथेरपी, पंचकर्म, हाडवैद्य?

इंजेक्शन बाह्यरुग्ण विभागात होतं, त्यामुळे साध्या पॉलिसीत नाही. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या घटकाचं इंजेक्शन) आणि गुडघ्यातल्या स्टेम सेलचंही तेच समजा. फिजिओथेरपी एरवी नाही, पण शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर पॉलिसीतल्या ६० किंवा ९० दिवसांच्या 'नंतरच्या खर्चात' बसते. घरी येणाऱ्या फिजिओची रोजची पावती घ्या. आयुर्वेदिक रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं संरक्षण असतं, दवाखान्यात तासभर बसून केलेल्या जानुबस्तीचं नाही. हाडवैद्याचं कुठेच नाही.

११. मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत. मग वेगळी कशाला?

ग्रुप पॉलिसीत पुष्कळदा पूर्वीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. आईचं दुखणं हाताबाहेर गेलं असेल तर तोच सर्वांत जवळचा रस्ता. मुलाच्या एचआरला लेखी विचारून घ्या आणि पालकांसाठी स्वतंत्र मर्यादा किंवा बिलातला काही वाटा आपल्यावर आहे का ते बघा.

पण नोकरी गेली की ते छत्र जातं. म्हणून आईची छोटी का होईना, स्वतःची पॉलिसी आजच सुरू करा. प्रश्न ३ मधलं घड्याळ तेव्हापासून चालू लागतं. नोकरी सुटण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोयही विचारा. त्यात ग्रुपमधली वर्षं धरली जातात.

१२. कंपनी बदलली तर प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून?

नाही. पोर्ट केल्यावर झालेली वर्षं धरली जातात, पण जुन्या रकमेपुरतीच. ३ लाखांची पॉलिसी १० लाखांवर नेली, तर वरच्या ७ लाखांना गुडघ्यांची प्रतीक्षा नव्याने. त्याच कंपनीत रक्कम वाढवली तरी हेच. नूतनीकरणाच्या तारखेच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा. नवी कंपनी नाकारू शकते, म्हणून तिचा होकार येईपर्यंत जुनी सोडू नका.

१३. हप्ता भरायचा राहिला.

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत आहे, मासिक हप्त्याला १५. तेवढ्यात भरलात तर प्रतीक्षेची झालेली वर्षं टिकतात, पण हप्ता थकलेल्या दिवसांतल्या आजारासाठी आधी पॉलिसीची अट वाचा. सवलतही उलटली तर घड्याळ शून्यावर.

१४. आई चिऱ्याच्या पायरीवरून पडली, गुडघा मोडला. झीज आधीपासून आहे. दावा बसेल?

अपघाताच्या उपचारांना ३० दिवसांची आणि यादीतल्या आजारांची प्रतीक्षा लागत नाही. हाड मोडलं, लिगामेंट तुटलं, तर दावा बसतो. वाद होतो तो 'पडल्यामुळे गुडघेबदल' म्हटल्यावर. कंपनी एक्स-रे बघून म्हणते की सांधा आधीच चौथ्या ग्रेडचा होता. म्हणून पडल्याच्या दिवशीच, दोन दिवस शेक घेत न बसता, डॉक्टरकडे जा. पडल्याची वेळ आणि जागा केसपेपरवर लिहून घ्या. शस्त्रक्रियेचं कारण अपघात की झीज, हे सर्जनकडून लेखी घ्या. सर्जनने झीज लिहिली तर प्रतीक्षा लागू, त्यावर उपाय नाही.

१५. एवढं करण्यापेक्षा सरकारी योजना?

दोन्ही ठेवता येतं. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. त्यात कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि पूर्वीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा नाही. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डधारकांना आहे, तिचीही मर्यादा ५ लाख. कुठल्या रुग्णालयात गुडघेबदल होतो आणि तो सरकारी की खासगी, हे तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) विचारूनच ठरवा. फोन : आयुष्मान १४५५५, राज्याची योजना १५५३८८.

१६. करात काही सुटतं का?

वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठ पालकांच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट आहे. हप्ता रोख भरला तर ती मिळत नाही.

१७. दावा नाकारला. आता?

नकार लेखी आणि पॉलिसीच्या कलमासह मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोनवर. कंपनीने एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी पुण्याचं कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

आमचा खोलीभाड्याचा दावा मी नेला नाही, कारण कलम स्पष्ट छापलेलं होतं. शेजारच्या काकांचा नेला. त्यांच्या केसपेपरवर 'पाच वर्षांपासून' लिहिलं होतं, आणि पहिला एक्स-रे मात्र पॉलिसीनंतरचा होता. तो एक्स-रे आणि डॉक्टरांचं दुरुस्तीपत्र जोडलं. पैसे आले तेव्हा काका नव्या गुडघ्याने मागच्या कुळागरात उतरले होते.